पम्पातले स्वार, वऱ्हाडातले तांडे

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५२ मध्ये 'वे ऑफ अ गाउचो' नावाचा रंगीत चित्रपट काढला. कथा १८७५ च्या सुमाराची, अर्जेंटिनातल्या पम्पा या अफाट गवताळ मुलखातली. गाउचो म्हणजे तिथला घोड्यावर जगणारा गुराखी. मार्तीन नावाच्या अशाच एका तरुणाच्या हातून द्वंद्वात माणूस मरतो. तुरुंगाऐवजी त्याची रवानगी सैन्यात होते. तिथून तो पळतो, टोळी जमवतो, पम्पात घुसणाऱ्या रेल्वेवर हल्ले करतो आणि अखेर प्रेयसी व होणारे मूल यांच्यासाठी स्वतः होऊन कायद्याच्या हवाली होतो. दिग्दर्शक जाक तूर्नर, नायक रोरी कॅल्हून, नायिका जीन टिअर्नी. फॉक्सची अर्जेंटिनातली कमाई चलनाच्या निर्बंधांमुळे त्याच देशात अडकून पडली होती, म्हणून चित्रण तिथेच झाले. त्याच वर्षी 'हाय नून' आला, पुढच्या वर्षी 'शेन', आणि या दोघांच्या मध्ये हा चित्रपट जो दबला तो दबलाच. वेस्टर्न चित्रपटांच्या इतिहासात त्याला मिळते ती तळटीप, तीही बहुधा सुंदर निसर्गाबद्दल. मला वाटते, गाउचोंवरच्या चित्रपटांची ही सगळी शाखाच उपेक्षित राहिली ती चुकीच्या टोकाकडून पाहिल्यामुळे. अमेरिकी काउबॉयचा गज लावला की ते तोकडे भरतात. पण एकोणिसाव्या शतकात फिरस्त्या माणसाच्या पायाखालची जमीन कायदा, रेल्वे आणि बाजार यांनी मिळून कशी काढून घेतली, या प्रश्नाने त्यांच्याकडे पाहिले तर त्यांचे मोल कळते. आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार वऱ्हाडाइतका थोड्याच मुलखांना आहे.

आधी गाउचोचे काय झाले ते पाहू. पम्पात मोकाट वाढलेली गुरे आणि घोडे यांच्या जिवावर हा माणूस जगे. कमरेला लांब सुरा, खांद्यावर पोंचो, चामडी दोऱ्यांना दगडी गोळे बांधून केलेले, जनावराच्या पायांत फेकायचे हत्यार, आणि मुक्कामाला 'माते' नावाचा कडू काढा. जमीन त्याच्या नावावर नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण गवत कुणाचेच नव्हते. स्वातंत्र्ययुद्धात याच स्वारांनी स्पॅनिश फौजांना जेरीस आणले. पण स्वतंत्र झालेल्या देशाला मोठ्या जमीनदारांच्या कुरणांवर बांधील मजूर हवे होते आणि सीमेवरच्या गढ्यांत शिपाई. कुणाच्या चाकरीत आहोत याचा कागद जवळ नसलेला माणूस भटक्या ठरे. बुएनोस आयरेस प्रांताच्या १८६५ च्या ग्रामीण कायद्याने अशा भटक्याला थेट सैन्यात धाडण्याची तरतूद केली. होसे एर्नान्देसने १८७२ मध्ये 'मार्तीन फिएर्रो' हे दीर्घकाव्य लिहिले ते याच अन्यायावर: जबरदस्तीने सीमेवर नेलेला गाउचो परत येतो तेव्हा घर उद्ध्वस्त, बायकोमुले पांगलेली. पुढच्या काही वर्षांत काटेरी तारांनी पम्पा चौकोनी तुकड्यांत विभागला गेला, इंग्रजी भांडवलाच्या रेल्वेने लोकर, धान्य आणि मांस बंदरांकडे ओढले आणि १८७८ पासून जनरल रोकाच्या मोहिमांनी दक्षिणेकडच्या मूळ रहिवाशांची जमीन हिसकावून घेतली. विसावे शतक उजाडले तेव्हा गाउचो बहुतांशी पगारी शेतगडी झाला होता.

मग सिनेमा आला आणि त्याने या संपलेल्या माणसाला हाताशी धरले. अर्जेंटिनातल्या मूकपटांचे पहिले मोठे यश म्हणजे १९१५ चा 'नोब्लेसा गाउचा', आणि त्याचा नायक गाउचोच. हॉलिवूडला मात्र गाउचो दिसला तो पोशाखात. १९२१ च्या 'फोर हॉर्समेन ऑफ दि अपोकॅलिप्स' मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो गाउचोच्या वेशात टँगो नाचला आणि जगाला गाउचो म्हणजे तेच वाटू लागले. १९२७ मध्ये डग्लस फेअरबँक्सने 'द गाउचो' काढला, पण त्यातला मुलूख पम्पा नव्हे, अँडीज पर्वतातले चमत्काराचे एक काल्पनिक शहर. अर्जेंटिनाच्या स्वतःच्या पडद्यावर गोष्ट वेगळी होती. लुकास देमारेच्या 'ला गेर्रा गाउचा' (१९४२) मध्ये साल्ता प्रांतातल्या गाउचोंचे स्वातंत्र्ययुद्ध आले. त्याच देमारेने उगो फ्रेगोनेसेबरोबर 'पम्पा बार्बरा' (१९४५) केला. सीमेवरच्या गढीतून शिपाई पळून जातात, ते टिकावेत म्हणून शहरातून बायकांचा एक तांडा जबरदस्तीने तिकडे नेला जातो, अशी ती कथा. फ्रेगोनेसे पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि हीच कथा त्याने १९६६ मध्ये रॉबर्ट टेलरला घेऊन 'सॅव्हेज पम्पास' म्हणून पुन्हा केली, पण स्पेनमध्ये. लेओपोल्दो तोरे निल्सनने १९६८ मध्ये 'मार्तीन फिएर्रो' पडद्यावर आणला. लेओनार्दो फावियोचा 'हुआन मोरेइरा' १९७३ चा. १८७४ मध्ये पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या एका खऱ्या गाउचोवरचा हा चित्रपट लष्करी राजवट संपून निवडून आलेले सरकार येत असताना लागला आणि त्याला तोबा गर्दी झाली.

एवढी परंपरा असून ती बाहेर का पोचली नाही? भाषा आणि वितरण ही कारणे आहेतच. स्पॅनिश चित्रपट अमेरिकी बाजारात सहज जात नव्हते. पण ते कारण 'वे ऑफ अ गाउचो'ला लागू पडत नाही. तो इंग्रजी, मोठ्या कंपनीचा, नामवंत नटीचा. त्याची अडचण वेगळी आहे. अमेरिकी वेस्टर्नमधला नायक कितीही एकटा, कितीही बंडखोर असला, तरी शेवटी तो वस्तीची वाट मोकळी करून देतो. 'शेन' मध्ये सहानुभूती कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने आहे आणि मोकाट कुरणावर हक्क सांगणारा पशुपालक खलनायक आहे. नायक बंदूक चालवतो आणि निघून जातो. मागे शाळा, चर्च आणि शेत उरते. गाउचोच्या चित्रपटात हे सगळे उलटे आहे. कुंपण, रेल्वे, कचेरी यांच्या आड येणारा माणूसच नायक आहे आणि त्याची वाट अडवणारा सैन्यातला अधिकारी खलनायक ठरत नाही, कारण उद्याचा देश त्याच्याच बाजूला आहे. तूर्नरच्या चित्रपटात नायकाला जिंकता येत नाही आणि हरवल्याचे समाधानही कुणाला मिळत नाही. ज्याला विजयाची गोष्ट पाहायची सवय आहे, त्याला हा चित्रपट ढिला वाटणारच. पण तो ढिलेपणा म्हणजे प्रामाणिकपणा आहे. पराभूत पक्षाची बाजू खरी होती आणि तरी ती टिकणार नव्हती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायच्या तर टाळ्यांचा शेवट मिळत नाही.

आता वऱ्हाडाकडे. अमरावतीहून नागपूरकडे निघाले की मोठ्या रस्त्यावर तिवसा लागते, थोडे पुढे वर्धा नदी, जी जुन्या वऱ्हाडाची पूर्वेकडची हद्द. आज हा ट्रकांचा रस्ता आहे. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस याच दिशेने नागपूर, जबलपूर करत पाचशेहून अधिक मैलांवरच्या गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, आणि तो जाई बैलांच्या पाठीवरून. १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे या मार्गाने कलकत्त्याकडे पाठवले, असे गॅझेटियर सांगते. आकडा थोडा फुगलेला धरला तरी वाहतुकीचा पसारा कळतो. हे बैल हाकणारे लोक म्हणजे बंजारा, वऱ्हाडी बोलण्यात लमाण. त्यांचा हा लादून नेण्याचा व्यवसाय म्हणजे लदेणी: किनाऱ्याकडून मीठ, आतल्या मुलखातून धान्य आणि कापूस. तांड्याचा प्रमुख नायक; वाट, मुक्काम, भाव आणि भांडणाचा निवाडा त्याच्या शब्दावर. तांड्याबरोबर बायका, मुले, म्हातारी माणसे, कुत्री, सारे बिऱ्हाड चाले. बैल वाटेवरच्या पडीक रानात चरत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. गवत फुकट आणि वाट मोकळी, या दोन गोष्टींवर हा सगळा धंदा उभा होता. फौजांनाही त्यांच्यावाचून चालत नसे. मोगल सरदार आसफखानाने दख्खनच्या स्वारीत नायकांना ताम्रपट देऊन, आपले घोडे जिथे उभे राहतील तिथे तुमचे बैल राहतील असा मान दिला, ही कथा तांड्यातांड्यांत सांगतात. १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली असई, अडगाव आणि गाविलगड अशी मोहीम करत वऱ्हाडात शिरला तेव्हा त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्याची चिंता पदोपदी येते. ते वेळेवर पोचले तर फौज चालणार, नाही तर नाही.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हे चित्र पालटले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. पडीक राने पऱ्हाटीखाली आली. जी राहिली त्यांतली बरीचशी राखीव जंगलांत गेली आणि चराईला पैसे पडू लागले. लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने वऱ्हाडाच्या कापसावर आणि मध्य भारतातल्या गुरांवर लिहिलेल्या ग्रंथांत हेच दाखवले आहे: पांढरे पीक वाढले तशी हिरवी चराई आटली आणि गुरे पाळून जगणाऱ्यांचा आधार गेला. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती तिवशाच्या वाटेने न जाता दक्षिणेकडून, बडनेरा, चांदूर, धामणगाव अशी गेली. जिनांची आणि कापसाच्या बाजारांची नवी गावे त्या रुळांवर उगवली. बैलाला मिर्झापूर गाठायला महिने लागत, आगगाडी तेच काम दिवसांत करी. मिठावरही संकट होतेच: सिंधूपासून महानदीपर्यंत सरकारने करवसुलीसाठी जी जकातरेषा आखली होती आणि मैलोन्‌मैल काटेरी कुंपण वाढवून जिची राखण केली होती, ती १८७९ पर्यंत उठली नाही. पम्पातली तार आणि मध्य भारतातले हे काटेरी कुंपण वेगवेगळ्या कारणांनी उभी राहिली, पण दोघांनीही पहिल्यांदा अडवला तो चालता माणूस.

धंदा गेल्यावर माणसाकडे संशयाने पाहणे सोपे होते. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवर इंग्रजीत लिहिलेला सुरुवातीचा एक तपशीलवार वृत्तान्त एन. एफ. कंबरलेज या वऱ्हाड पोलिसांतल्या अधिकाऱ्याचा. तो १८६९ च्या सुमारास लिहिला गेला, म्हणजे रेल्वे नागपूरला पोचून दोनच वर्षे झाली असताना, आणि १८८२ मध्ये पुन्हा छापला गेला. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा बंजारा प्रकरणाचा मुख्य आधार हाच पोलिसी वृत्तान्त होता. वेलस्लीच्या पत्रांतला बंजारा हा ज्याच्यावर मोहीम अवलंबून आहे असा व्यापारी आहे, कंबरलेजच्या पानांवर तो ज्याच्यावर नजर ठेवायची असा समाज आहे. माणसे तीच, मधे फक्त एक रेल्वे आली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आधी उत्तरेत आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर देशभर पसरला. एखाद्या समाजात जन्मणे हाच पुरावा मानण्याची त्याने सोय केली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्या जमाती त्यातून सुटल्या त्यांना विमुक्त म्हणू लागले, आणि महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. बुएनोस आयरेसचा १८६५ चा कायदा, एर्नान्देसचे १८७२ चे काव्य आणि आपला १८७१ चा कायदा जवळजवळ एकाच दशकात यावेत हा योगायोग नव्हे. लिव्हरपूलच्या बंदरात लोकर आणि कापूस शेजारी शेजारी उतरत होते. ज्या भांडवलाने पम्पात रूळ टाकले, त्याच बाजाराने वऱ्हाडातही टाकले. ठरावीक वेळी ठरावीक माल बंदरावर हवा असेल तर जमीन मोजलेली हवी, मजूर हजेरीवर हवा आणि वाटेवर कुणी आपल्या मर्जीने हिंडता कामा नये. गाउचो आणि बंजारा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांना हटवणारी गरज एकच होती.

इथे पहिला आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. गाउचो एकटा, घोडेस्वार, सुरा चालवणारा. बंजारा सहकुटुंब, पायी, हिशेबी व्यापारी. एक गुरे मारून जगे, दुसरा बैल जपून. मग ही जोडी ओढूनताणून लावलेली नाही का? राहणीच्या पातळीवर फरक खराच आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण दोघांची तुलना राहणीवरून होतच नाही. ती होते राज्याशी असलेल्या नात्यावरून. दोघेही युद्धात हवे होते आणि शांततेत नको झाले. दोघांचाही आधार कुणाच्याच मालकीचे नसलेले गवत होता. दोघांनाही कायद्याने नाव दिले ते त्यांच्या चालण्याला गुन्हा ठरवून. उलट फरकांमुळेच आपल्याकडची कथा अधिक समृद्ध ठरते. गाउचोचे चित्रपट बाईच्या बाबतीत दुबळे आहेत. ती वाट पाहते किंवा मागे लागते. 'पम्पा बार्बरा' हा अपवाद, आणि तिथेही बायकांना सीमेवर आणले आहे ते पुरुषांना बांधून ठेवण्यासाठी. तांड्यात बाई वाटेवरच असते, बिऱ्हाड तीच चालवते, बैल उतरवते, मूलही वाटेतच जन्माला घालते. एका माणसाचा अभिमान मोडण्याची गोष्ट आणि एक अख्खे चालते गाव थांबण्याची गोष्ट यांत दुसरी अधिक अवघड आहे, आणि सिनेमाला अधिक साजेशीही.

दुसरा आक्षेप असा की मराठी सिनेमाने घोड्यावरचा माणूस दाखवलाच आहे, मग तक्रार कसली? दाखवला हे खरे. फेअरबँक्सचा 'द गाउचो' ज्या वर्षी आला त्याच १९२७ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'नेताजी पालकर' काढला, व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शनातले ते पहिले पाऊल. त्याआधी बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' येऊन गेला होता, पुढे भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरातून ही परंपरा दशकानुदशके चालवली. घोडदौड, गनिमी कावा, दऱ्याखोऱ्यांचे चित्रण, या सगळ्यांत हे चित्रपट आपले वेस्टर्नच आहेत आणि तेही जगाच्या नकाशावर तितकेच दुर्लक्षित आहेत. पण त्यांतला स्वार राज्य घडवणारा आहे. 'ला गेर्रा गाउचा' आणि हे चित्रपट एका ओळीत बसतात. दोन्हीकडे परकी सत्तेखालच्या किंवा तिच्या आठवणीतल्या प्रेक्षकाला शौर्याची पुंजी हवी होती. मात्र अर्जेंटिनाच्या सिनेमाने दुसरी ओळही लिहिली: ज्या राज्यासाठी स्वार लढला त्याच राज्याने पुढे त्याला भटक्या ठरवले, ही 'मार्तीन फिएर्रो' आणि 'हुआन मोरेइरा'ची ओळ. ती आपल्याकडे रिकामी राहिली. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी पडद्यावर आणली, म्हणजे वंचिताची गोष्ट आपल्याला सुचत नव्हती असे नाही. पण तो शेतकरी होता, सातबाऱ्यावर नाव असलेला. ज्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही, तो राहून गेला.

हिंदी पडद्यावर बंजारा आला, पण आरशांच्या घागऱ्यात. भारतीय वेस्टर्नचा मुकुटमणी समजला जाणारा 'शोले' (१९७५) पाहा. त्यात रेल्वे आहे, डाकू आहेत, ठाकुराची जमीन आहे, आणि फिरस्ते लोकही आहेत; पण त्यांच्या वाट्याला शेकोटीभोवतीचे एक गाणे आणि डाकूंना हत्यारे पुरवण्याचे काम येते. कंबरलेजच्या पोलिसी वृत्तान्ताला आणि व्हॅलेंटिनोच्या टँगोला एकाच प्रसंगात बसवावे, तसे ते दृश्य आहे: एकाच वेळी संशयित आणि शोभिवंत. मराठीत गाउचोच्या चित्रपटाच्या सर्वांत जवळ जातो तो भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा', २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला. मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर कुटुंब, वाटेतले गाव, गावच्या पुढाऱ्याचा दर्प आणि आता कुठेतरी स्थिर व्हावे ही तरण्या पोराची ओढ. विशेष म्हणजे त्यात भटकंतीचे गोडवे नाहीत. तरुणाला थांबायचे आहे आणि जग त्याला थांबू देत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. पण तो आजचा काळ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या वळणाचा, लदेणी थांबली त्या दशकाचा चित्रपट आपल्याकडे उभा राहिलेला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अर्जेंटिनाने गाउचोला पडद्यावर चढवले ते काय न्याय म्हणून? सार्मिएन्तोने १८४५ च्या आपल्या 'फाकुन्दो' या ग्रंथात गाउचोच्या मुलखाला रानटीपणाचे घर ठरवले होते, आणि तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. १९१३ मध्ये कवी लुगोनेस व्याख्याने देऊन 'मार्तीन फिएर्रो'ला राष्ट्राचे महाकाव्य ठरवू लागला तेव्हा खरा गाउचो कुणाला अडचणीचा उरला नव्हता. अडचण होती ती युरोपातून येणाऱ्या नव्या मजुरांची, आणि त्यांच्यापुढे उभे करायला एक अस्सल देशी पुतळा हवा होता. शिवाय ज्या सीमेवर गाउचोवर अन्याय झाला, त्याच सीमेवर त्याच्या हातून मूळ रहिवासी मारले गेले. बरेच गाउचोपट त्या लोकांना चेहराच देत नाहीत. म्हणजे मेलेल्याचा गौरव करून जिवंताला गप्प करण्याचा हा उद्योग, असे कुणी म्हटले तर ते पूर्ण खोटे नाही. पण यातून निघतो तो निष्कर्ष चित्रपट न काढण्याचा नव्हे, कुणी आणि केव्हा काढावा याचा आहे. फावियोचा मोरेइरा लुगोनेसच्या पुतळ्यासारखा नाही: तो निवडणुकीतल्या पुढाऱ्यांसाठी सुरा चालवतो, वापरला जातो आणि काम संपताच टाकला जातो. परंपरा वाढत गेली तसे तिने स्वतःचेच खोटे दुरुस्त केले. आपल्याकडे ही दुरुस्ती साहित्याने आधीच केली आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनी भटक्या-विमुक्तांचे जगणे आतून सांगितले. लेखणी तांड्यात पोचली, कॅमेरा अजून वेशीवर आहे.

शेवटचा आक्षेप इतिहासाकडूनच येतो. बंजाऱ्यांची गोष्ट पराभवाची आहे हेच मुळी चूक, असे कुणीही वऱ्हाडी माणूस म्हणेल. पुसदजवळच्या गहुली तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. पुढे त्याच घरातले सुधाकरराव नाईक त्या पदावर बसले. वसंतरावांच्याच काळात, १९७२ मध्ये, एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. ज्या समाजाच्या बैलांकडून कापसाची वाहतूक रेल्वेने हिरावली होती, त्या समाजातल्या माणसाच्या सरकारने कापसाचा सगळा बाजार हाती घेतला. गाउचोच्या इतिहासात याला तोड नाही. तिथे गाउचो राष्ट्राचे चिन्ह झाला, पण गाउचोंमधून उठून कुणी सत्तेवर बसावे असे काही घडले नाही. म्हणून 'मार्तीन फिएर्रो'चा साचा उचलून वऱ्हाडावर ठेवणे हे आळशीपणाचे होईल. मात्र त्याच समाजातले हजारो लोक आजही दर हंगामाला ऊसतोडीला घर सोडतात, मुकादमाची उचल घेऊन, मुलाबाळांसह. चालणे सुटले नाही, चालण्याचा मालक बदलला. मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि उसाचा फड, दोन्ही एकाच वाटेची टोके आहेत, आणि ज्या कथेत दोन्ही मावतील ती कथा हॉलिवूडला किंवा बुएनोस आयरेसला सुचणार नाही.

म्हणून गाउचोंवरचे हे चित्रपट आपण पाहावेत ते विस्मृतीतली नवलाई म्हणून नव्हे. 'वे ऑफ अ गाउचो' दाखवतो की हरणाऱ्याची बाजू घेऊनही रेल्वेला राक्षस न बनवता गोष्ट सांगता येते. 'पम्पा बार्बरा' दाखवतो की सीमा हे शौर्याइतकेच सक्तीचे ठिकाण असते. 'हुआन मोरेइरा' दाखवतो की पिळला गेलेला माणूस निर्मळच असला पाहिजे अशी अट नाही. आणि सगळे मिळून एक चूकही दाखवतात: माणूस संपल्यावर त्याचा उत्सव करण्याची. ही चूक टाळण्याची संधी आपल्याला आहे, कारण तांडे संपलेले नाहीत. त्यांत राहणारी माणसे मतदार आहेत, शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, ऊसतोड कामगार आहेत, आणि आपल्या पूर्वजांच्या लदेणीची गाणी त्यांच्या तोंडी आहेत. वऱ्हाडाच्या इतिहासातून कापूस आणि रेल्वे यांचा हिशेब पुष्कळ वेळा मांडून झाला. त्या हिशेबात खर्चाच्या बाजूला जो मार्ग, जी चराई आणि जी माणसे धरली गेली नाहीत, ती धरल्याशिवाय वऱ्हाडाच्या त्या भरभराटीचा ताळेबंद खरा मानता येणार नाही.